कोयना-चांदोलीच्या काठावर दोन रात्री: केबिन, तंबू की कॅराव्हॅन?

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या पश्चिमेला जंगलात राहायला जायचं ठरलं की लोक आधी तंबूच्या किमती बघतात, नाहीतर कॅराव्हॅनचं दिवसाचं भाडं विचारतात. सुरुवात तिथून करू नका. रात्री पाठ टेकायची ती जमीन कोणाची आहे, हे आधी ठरवा. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

कोयना अभयारण्य १९८५ सालचं. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये ही दोन्ही जंगलं मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कास पठार, कोयना आणि चांदोली २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. म्हणजे नकाशावर गर्द हिरवी दिसणारी जागा मनाला येईल तिथे तंबू ठोकण्यासाठी मोकळी नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री थांबणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कास पठारावर मुक्काम करता येत नाही. वासोटा किल्ल्यावर दिवसा जाऊन दिवसाच परतावं लागतं. त्यामुळे नवख्या माणसाने एकच सूत्र धरावं: राहायचं गावाच्या हद्दीत, फिरायचं जंगलात. गावातल्या खाजगी जमिनीवर, घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी किंवा कृषी पर्यटन केंद्रात रात्र काढायची. दिवसा वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून, फी भरून आत जायचं.

ठिकाण निवडताना

पहिल्या खेपेला चारच ठिकाणांचा विचार करा. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कास साधारण पंचवीस किलोमीटर, आणि तिथून खाली उतरलं की शिवसागर जलाशयाच्या काठावर बामणोली. वासोट्याच्या बोटी इथून सुटतात. दुसरं तापोळा. हाच जलाशय, पण वाट महाबळेश्वरहून. तिसरं कोयनानगर-हेळवाक, कराडहून पाटणमार्गे. चौथं चांदोली: पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, आरळा, मणदूर करत वारणावतीला.

कुटुंबासोबत पहिल्यांदा जात असाल तर बामणोली किंवा तापोळा बरं. घरगुती जेवण मिळतं, गावात माणसं असतात, काठावर संध्याकाळ छान जाते. कॅराव्हॅन नेणार असाल तर आमचं मत कोयनानगरच्या बाजूने आहे. कराड-चिपळूण हा मोठ्या गाड्यांचा रस्ता आहे आणि घाटाचा अवघड भाग सुरू होण्याआधीच मुक्काम लागतो. चांदोलीत जंगल जास्त दाट आहे, पण सोयी कमी. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ते राखून ठेवा.

कोयनेच्या खोऱ्यात भूकंपाचे हलके धक्के नवीन नाहीत. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप इथलाच. घाबरण्याचं कारण नाही, पण केबिनमध्ये झोपताना डोक्यावरच्या फळीवर जड बॅग किंवा सिलिंडर ठेवू नका.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. याआधी-यानंतर जाता येतं, पण प्रत्येक महिन्याची स्वतःची अडचण आहे.

पावसाळ्यात तंबू आणि कॅराव्हॅन दोन्ही विसरा. महाबळेश्वर पट्ट्यात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जंगलातल्या वाटा बंद असतात, जळवा असतात, घाटात दरड येते. पावसाचीच हौस असेल तर पक्क्या छताची केबिन घ्या आणि डांबरी रस्त्याला लागून असलेलीच घ्या. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला कासची फुलं असतात. तेव्हा शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून सोमवार ते गुरुवार गाठा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. मार्चपासून गवत वाळतं, वणव्यांचे दिवस येतात आणि वाड्यांमधले झरे आटायला लागतात. एप्रिल-मे मध्ये गावातली माणसं स्वतःच लांबून पाणी आणत असतात. अशा वेळी पाहुण्यांनी बादल्या-बादल्या अंघोळी करणं बरं दिसत नाही. शिवाय वळीव केव्हा कोसळेल याचा नेम नसतो.

कशात राहायचं

केबिन सगळ्यात सोपी. लहान मुलं किंवा वडीलधारी सोबत असतील, किंवा जाणाऱ्यांपैकी कोणीच आधी उघड्यावर झोपलेलं नसेल, तर हीच घ्या.

तंबू दोन प्रकारे मिळतो. एक, जागेच्या मालकाने आधीच उभा केलेला, आत गादी टाकलेला. दुसरा, आपण नेलेला. आपला न्यायचा असेल तर घराच्या गच्चीवर एक रात्र त्यात झोपून बघा. कोणता दांडा कुठे जातो, चेन अडकते का, किती जण मावतात, हे अंधारात जंगलात शिकायची गोष्ट नाही. पिशवीवर चार माणसांचा लिहिलेला तंबू सामानासकट तिघांनाच पुरतो.

कॅराव्हॅनला महाराष्ट्रात २०२१ च्या पर्यटन धोरणाने अधिकृत चौकट मिळाली. इकडे बहुतेक कॅराव्हॅन चालकासकट भाड्याने मिळतात. नवख्यांसाठी तेच योग्य, कारण सहा-सात मीटर लांबीची गाडी घाटाच्या वळणावर फिरवणं हे वेगळं काम आहे. बुकिंग करताना चालक रात्री कुठे झोपणार, हे विचाराच. ही गोष्ट कोणी विचारत नाही. मग रात्री दहाला लक्षात येतं की गाडीत पलंग चारच आहेत आणि माणसं पाच. दिवसभर घाट चालवलेल्या माणसाला पुढच्या सीटवर बसून रात्र काढायला लावू नका. दुसऱ्या दिवशी त्याच घाटातून तोच तुम्हाला खाली आणणार आहे. त्याच्यासाठी गावात खोली किंवा छोटा तंबू आधीच ठरवा.

फोनवर काय विचारायचं

फोटो बघून पैसे भरू नका. मालकाला फोन करा आणि हे विचारा:

- डांबरी रस्ता संपल्यावर कच्चा रस्ता किती? लहान गाडी घरापर्यंत येते का, की वर ठेवून चालत यावं लागतं?
- पाणी कशाचं? विहीर, झरा की टँकर? गेल्या आठवड्यात किती वेळा तुटलं?
- संडास खोलीला जोडून आहे की बाहेर? बाहेर असेल तर किती पावलांवर, आणि वाटेवर दिवा आहे का?
- वीज गेली तर इन्व्हर्टर कशाकशाला चालतो?
- गरम पाणी सोलरचं की बंबाचं? ढगाळ दिवशी सोलरचं पाणी कोमटच राहतं. बंब असेल तर निश्चिंत राहा.
- जेवण माणशी किती, आणि किती वाजेपर्यंत सांगावं लागतं?
- कोणत्या कंपनीच्या मोबाइलला रेंज येते?
- जागेची पर्यटन विभागाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे नोंद आहे का?

शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण विचारा. महाबळेश्वर-पाचगणीचा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि तिथे विनापरवाना बांधकामावर कारवाई होऊ शकते. तुमची आगाऊ रक्कम त्यात अडकायला नको.

लाकडी केबिन फोटोत सुंदर दिसते, पण फळ्यांमधल्या फटींतून थंडी येते आणि किडे-मुंग्या, उंदीरही येतात. खाली जमीन आणि केबिनचा तळ यांत हात-दीड हात मोकळी जागा असेल तर ओल धरत नाही. थेट जमिनीवर ठेवलेल्या केबिनमध्ये गाद्यांना कुबट वास येतोच. पोहोचल्यावर गादीचा कोपरा उचलून खाली हात लावून बघा. दमट लागली तर उजेड असेपर्यंत बदलून मागा.

पाणी आणि वीज: कागदावर हिशेब

पिण्याला माणशी दिवसाला तीन लिटर. स्वयंपाकाला दोन. भांडी, हात-तोंड, संडास मिळून किमान आठ. म्हणजे अंघोळ न करता माणशी तेरा लिटर. चौघांना दोन दिवसांचे झाले एकशे चार. बादलीभर अंघोळ धरली तर प्रत्येक अंघोळीला पंधरा-वीस लिटर वाढवा.

आता कॅराव्हॅनची टाकी बघा. समजा ती शंभर लिटरची आहे. चौघांनी पहिल्या सकाळी शॉवर सोडला आणि प्रत्येकाने पंचवीस लिटर वापरलं, तर नाश्त्याच्या आधीच टाकी कोरडी. म्हणून अंघोळ गावातल्या न्हाणीघरात बादलीने करायची आणि गाडीतलं पाणी भांडी आणि हात-तोंडासाठी राखायचं. पिण्याचं पाणी टाकीतून घेऊ नका. वीस लिटरचे दोन जार वेगळे ठेवा. झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळूनच प्या, वरच्या अंगाला गुरं चरत असतात.

वापरलेलं पाणी दुसऱ्या टाकीत जमा होतं. शेत किंवा ओढा दिसला म्हणून तिथे नळी सोडू नका. साबणाचं, खरकटं पाणी कुठे सोडायचं ते मालकाला विचारा. कॅराव्हॅनच्या संडासाची टाकी फक्त सेप्टिक टँकमध्ये आणि परवानगीनेच रिकामी करायची. तीव्र रसायन वापरलं असेल तर सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि पुढचे महिनाभर त्या घरात वास येत राहतो. तुम्ही तोवर निघून गेलेले असता, म्हणून हे आवर्जून लिहितो आहोत.

विजेचंही तसंच. बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. उरले ९००. पाच-पाच वॉटचे चार दिवे पाच तास लावले की १०० गेले. पंधरा वॉटचे दोन पंखे आठ तास, २४०. पंचेचाळीस वॉटचा फ्रिज दिवसातला निम्मा वेळ चालला तरी ५४०. फोन चार्जिंगचे ६०. बेरीज ९४०. म्हणजे एका दिवसात बॅटरी संपली. एसी या हिशेबात बसतच नाही, त्याला बाहेरून जोडणी लागते. थंडीत तो लागतही नाही.

बाहेरची जोडणी घेताना पंधरा अँपिअरचाच सॉकेट मागा. अडीच चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल न्या आणि ती पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेल्या केबलवर जास्त भार पडला की ती आतल्या आत तापते आणि वरचं रबर वितळतं. सॉकेटला अर्थिंग आहे ना, हे टेस्ट लॅम्पने बघितल्याशिवाय जोडू नका. अर्थिंग नसेल आणि कुठे गळती झाली तर गाडीचा पत्रा विजेचा झटका देतो. पहाटेच्या दवाने ओल्या झालेल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराला हात लावणाऱ्याला तो जीवघेणा ठरू शकतो.

वाटेत

इंधनाची टाकी साताऱ्यात, पाटणला किंवा शिराळ्यात भरून घ्या. रोख पैसे तिथेच काढा, कारण पुढे रेंज नसली की फोनवरून पैसे देता येत नाहीत. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

घाट चढताना गाडी तापते, ते सगळ्यांना माहीत असतं. धोका उतरताना असतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग पाय दाबूनही गाडी थांबत नाही. वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका. भरलेली पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो वजन. म्हणून ती घाटाआधी न भरता मुक्कामी भरलेली बरी.

कॅराव्हॅन सुमारे तीन मीटर उंच असते. मुख्य रस्त्यावर काही वाटत नाही, पण वाडीकडे वळल्यावर आंब्याची फांदी आणि घराघरांत ओढलेल्या वायरी नेमक्या त्याच उंचीवर असतात. एकाने उतरून पुढे चालावं.

दुपारी चारच्या आत मुक्कामी पोहोचा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण खोऱ्यात डोंगरामागे तो त्याआधी तासभर जातो. पाच वाजता सावली पसरली की थंडी लगेच जाणवते. अंधारात जागा निवडली की खड्डा, मुंग्यांचं वारूळ आणि उतार हे तिन्ही सकाळीच दिसतात.

पोहोचल्यावर: जागा आणि तंबू

आधी गावच्या पोलीस पाटलांना किंवा मालकाला कळवा की आपण किती जण आहोत आणि उद्या कुठे जाणार आहोत. दोन मिनिटांचं काम आहे. काही झालं तर शोधायला येणारी पहिली माणसं तीच असतात.

जलाशयाच्या काठाशी सपाट, मोकळी जमीन दिसते आणि तिथेच राहावंसं वाटतं. तिथे गाडी उतरवू नका. धरणाचं पाणी जसं खाली जातं तशी गाळाची जमीन उघडी पडते. वरचा थर उन्हाने फुटून कोरडा दिसतो, पाय ठेवला तर टणक लागतो, पण त्याखाली वीतभर ओला चिखल असतो. जड गाडीचं चाक वरचा थर फोडून आत जातं आणि मग जितकं फिरवाल तितकं रुततं. तिथे ट्रॅक्टर बोलवण्यात अर्धा दिवस जातो. अनेक ठिकाणी ही गाळपेरीची शेतं असतात, म्हणजे कोणाचं तरी पीकही जातं.

तंबूसाठीही अगदी काठ नको. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि खोलगट भागात साचते. पाण्यापासून वीस-तीस मीटर उंचीवर गेलात तर ऊबही जास्त मिळते आणि धुकंही कमी. ओढ्याचं कोरडं पात्र टाळा. वाळलेली फांदी डोक्यावर नको, मोठं आग्या मोहोळ तर मुळीच नको. वर बघायची सवय लावा, लोक फक्त जमीन बघतात.

जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, खुंट्या आत जात नाहीत. ठोकत बसलात तर वाकतात. तिथे दोरी दगडाला गुंडाळायची आणि तो दगड दुसऱ्या मोठ्या दगडाने दाबायचा. दहा मीटर जादा दोरी म्हणूनच न्यायची. मातीत खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं हवं, म्हणजे ओढ बसली की ती आणखी घट्ट रुतते.

खाली टाकायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान घडी करून घाला. बाहेर आलेल्या कडेवर पडलेलं दव आणि पाऊस वाहत जाऊन तुमच्या पाठीखाली जमतो. दार वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उताराच्या खालच्या अंगाला. डोकं चढाकडे ठेवून झोपा. तंबूभोवती चर खणू नका, त्याने मातीची धूप होते. जागाच थोड्या उताराची निवडली की चराची गरज पडत नाही.

पहाटे पाचला तंबूच्या आतून थेंब गळायला लागतात आणि नवखा माणूस समजतो की तंबू गळका आहे. तसं नसतं. चार जणांच्या श्वासातून रात्रभरात दोन-तीन ग्लास पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. बाहेर थंडी, कापड गार, मग ती वाफ कापडाला आतून लागून थेंब होते. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की हे वाढतं. वरच्या जाळ्या वीतभर उघड्या ठेवा आणि बाहेरचं आवरण आतल्या कापडाला चिकटू नये म्हणून सगळ्या दोऱ्या ताणा. दोन कापडांत हाताची मूठ फिरेल एवढी पोकळी हवी. एक फडकं उशाशी ठेवा, पहाटे पुसून घ्यायला.

झोपेचं बोलायचं तर थंडी अंगावरून कमी आणि खालून जास्त लागते. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात. त्यातला आरामदायी तापमानाचा आकडा बघा. तो पाच अंश असावा. टोकाचा आकडा म्हणजे माणूस कसाबसा तग धरेल एवढंच, झोप येईल असं नव्हे. खाली फोमची चटई आणि तिच्यावर घोंगडी. आपल्याकडच्या लोकरी घोंगडीइतकं भरवशाचं काही नाही. ओलसर झाली तरी ती ऊब धरते, वाकळ मात्र ओली झाली की थंडगार पडते.

कॅराव्हॅन उभी करताना आधी सपाटीचा अंदाज घ्या. पाण्याने अर्धा भरलेला ग्लास ओट्यावर ठेवला की कल कळतो. खालच्या बाजूच्या चाकांखाली फळी घालून गाडी चढवा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका.

चूल आणि गॅस

बंद तंबूत किंवा कॅराव्हॅनमध्ये शेगडी, कोळशाचं घमेलं ऊब मिळावी म्हणून कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप अनावर होते आणि तो उठत नाही. थंडी वाजत असेल तर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, पंचात गुंडाळून पायांशी घ्या.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो गाडीच्या तळाशी साचतो, नाकापर्यंत उशिरा येतो. कॅराव्हॅनच्या खालच्या बाजूची हवेची भोकं थंडी येते म्हणून कापडाने बुजवू नका. रेग्युलेटर लावल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. कडाक्याच्या थंडीत छोट्या सिलिंडरचा दाब पडतो आणि ज्योत मंद होते. सिलिंडर आडवा करू नका, हलवू नका, गरम तर मुळीच करू नका. सकाळचा चहा थोडा उशिरा होईल एवढंच.

जेवण साधं ठेवा. एक वेळ मालकाकडे सांगायची, पिठलं-भाकरी आणि खर्डा. दुसऱ्या वेळेला खिचडी. चौघांना साडेतीनशे ग्रॅम तांदूळ आणि दीडशे ग्रॅम मूगडाळ पुरते. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, मेतकूट घरून.

शेकोटी मालकाने दाखवलेल्या जागीच. जळण गावातून विकत घ्या, जंगलातून काटकीही उचलू नका. भोवतीचं गवत दीड मीटरपर्यंत साफ करा, दोन बादल्या पाणी आधी भरून ठेवा. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर निखारे अजून जिवंत आहेत. फेब्रुवारीनंतर शेकोटीच नको. वणवा लागलेला दिसला तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

रात्र आणि प्राणी

गवा, अस्वल, बिबट्या तिन्ही या जंगलात आहेत आणि बहुतेक वेळा ते तुम्हाला टाळतात. गवा समोर आला तर थांबा, आवाज न करता मागे सरका, मधे झाड ठेवा. त्याला पळवायला जाऊ नका. करवंद-जांभळाच्या दिवसांत अस्वल जाळीत असतं, तेव्हा पहाटे-संध्याकाळी एकट्याने झुडपात शिरू नका. खरकटं आणि अन्न तंबूत नको, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून गाडीत ठेवा. महाबळेश्वर भागात माकडं दिवसाढवळ्या चेन उघडतात.

पाण्यात उतरू नका. जलाशयाचा तळ एकदम खोल जातो, आत बुडालेली झाडं आणि गाळ असतो. कृष्णा-वारणेच्या पात्रात मगरी आहेत हे सांगलीकरांना सांगायला नको. बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट अंगात, मांडीवर नाही.

फुरसं, घोणस, नाग, मण्यार चारही विषारी साप इथे मिळतात. बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी उलटे करून झटका. रात्री टॉर्चशिवाय एक पाऊल नको. साप चावलाच तर त्या माणसाला चालवू नका. हात-पाय फळीला बांधून स्थिर करा, अंगठ्या-कडी काढा. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. १०८ लावा आणि रुग्णालयाकडे निघा. सापाला पकडत बसू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा आणि नंबर कागदावर लिहा. बॅटरी संपलेल्या फोनमधला नंबर कामाचा नसतो.

आवरताना

प्लास्टिक मोजून न्या आणि मोजून परत आणा. वासोट्याच्या नाक्यावर ही मोजणी वनविभागच करतो, मुक्कामाच्या जागी ती आपण करायची. गावात कचरागाडी येत नाही. मागे ठेवलेली पिशवी एकतर जाळली जाते किंवा गुरांच्या पोटात जाते.

उघड्यावर शौचाला जायची वेळ आली तर पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खड्डा करून माती लोटा. टिश्यू पेपर पिशवीत परत.

तंबू उन्हात पसरून मगच गुंडाळा. दव असताना निघावंच लागलं तर ओला गुंडाळा, पण घरी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी गच्चीवर टाका. दोन दिवस पिशवीत राहिला की काळी बुरशी धरते, आतला पातळ लेप सुटतो आणि मग तो खरोखर गळायला लागतो. स्लीपिंग बॅग पिशवीत कोंबून ठेवू नका, कपाटात सैल टांगा. कॅराव्हॅन परत देताना दोन्ही टाक्या रिकाम्या केल्याचं मालकासमोर दाखवा आणि गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून घ्या.

अनामत रक्कम परत मिळेपर्यंत ते फोटो पुसू नका.